बँड म्हणतो २१४० जळल्या, मग वजन का उतरत नाही? कॅलरी डेफिसिटचा हिशेब, पहिल्यापासून

गेल्या वर्षी दिवाळी झाल्यावर मी मनगटावर फिटनेस बँड बांधला. वय ४४, उंची १५८ सेंटिमीटर, वजन ७२ किलोच्या पुढे. रोज रात्री बँड सांगायचा, आज सुमारे २१४० कॅलरी जळल्या. माझ्या वहीत खाल्लेल्या कॅलरींची सरासरी होती १५६०. म्हणजे रोजची तूट ५८०. या हिशेबाने चार आठवड्यांत दोन किलोंच्या वर वजन उतरायला हवं होतं. उतरलं एक किलो. शरीरातच काहीतरी बिघडलंय असं वाटून थायरॉइडची तपासणी करून आले. रिपोर्ट नॉर्मल आला.

गडबड हिशेबात होती, आणि ती कुठे होती हे शोधायला मला तीन महिने लागले. तुम्ही नुकताच बँड किंवा स्मार्टवॉच घेतलं असेल आणि ‘डेफिसिट’ (म्हणजे हीच कॅलरींची तूट) हा शब्द ऐकून वजन कमी करायला निघाला असाल, तर ते तीन महिने तुमचे वाचावेत म्हणून हे सगळं क्रमाने लिहिते आहे. मी डॉक्टर किंवा आहारतज्ज्ञ नाही. कोल्हापुरात राहते, हिशेबाचं काम करते आणि घरी पाच माणसांचा स्वयंपाक करते.

सुरू करण्याआधी

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल, तर जेवण कमी करण्याआधी डॉक्टरांना भेटा. औषधाचा डोस तोच राहिला आणि खाणं कमी झालं, तर साखर एकदम खाली जाऊ शकते. गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बायकांनी, अठराच्या आतल्या मुलामुलींनी आणि ज्यांना कधी खाण्याचा विकार झाला आहे त्यांनी हा प्रकार स्वतःच्या मनाने करू नये. वजन खरंच जास्त आहे का, तेही तपासा. भारतीयांसाठी २३ च्या पुढचा बीएमआय (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) जादा वजनात आणि २५ पासून पुढचा लठ्ठपणात धरतात. कमरेच्या घेराची मर्यादा पुरुषांसाठी ९० आणि बायकांसाठी ८० सेंटिमीटर मानली जाते.

काय काय लागेल

- बँड किंवा स्मार्टवॉच. महागाचं असण्याची गरज नाही, पण सहा आठवडे एकच वापरायचं.
- स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा, १ ग्रॅमपर्यंत दाखवणारा. चार-पाचशे रुपयांत मिळतो. या यादीतली सगळ्यात उपयोगी वस्तू हीच आहे.
- माणसांचं वजन करायचा काटा, १०० ग्रॅमचा फरक दाखवणारा.
- मोजपट्टी, शिंप्याची असते ती.
- वही. ॲप वापरलं तरी चालेल, पण त्यातल्या तयार आकड्यांवर किती विसंबायचं ते पुढे सांगते.

१. बँड काय मोजतो आणि काय अंदाजाने सांगतो, हे आधी समजून घ्या

बँडच्या पाठीमागे हिरवा दिवा लुकलुकतो. त्या प्रकाशावरून तो नाडीचे ठोके मोजतो. आत एक छोटा सेन्सर हाताची हालचाल टिपतो. मोजणं इथे संपलं. कॅलरी तो मोजतच नाही. ठोके, हालचाल आणि तुम्ही भरलेलं वय, लिंग, उंची, वजन हे एका सूत्रात घालून तो कॅलरींचा अंदाज काढतो. खरोखर मोजायचं तर माणूस किती ऑक्सिजन वापरतो ते मोजावं लागतं, आणि त्यासाठी प्रयोगशाळेत तोंडाला मास्क लावून बसावं लागतं.

अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या गटाने २०१७ साली मनगटावरची सात उपकरणं ६० जणांवर तपासली. ठोक्यांच्या बाबतीत सातपैकी सहांची चूक ५ टक्क्यांच्या आत होती. कॅलरींच्या बाबतीत मात्र त्यातल्या सर्वांत चांगल्या उपकरणाची चूक सरासरी २७ टक्के निघाली, आणि सर्वांत वाईटाची ९३ टक्के. ती मॉडेलं आता जुनी झाली, पण कॅलरी अजूनही अंदाजानेच काढल्या जातात.

घरी करून बघण्यासारखा एक प्रयोग सांगते. एका संध्याकाळी भाकरी करायला घेण्याआधी मी बँडवरची पावलं बघून ठेवली. सहा भाकऱ्या थापून झाल्या तेव्हा पावलं ३१२ ने वाढली होती. ओट्यासमोरून मी एक पाऊलही हलले नव्हते. हात थापत होता आणि बँडला ते चालणं वाटत होतं. खड्ड्यांच्या रस्त्यावर स्कूटर चालवली तरी तेच होतं. उलट बाजूही आहे. बाजारातून येताना दोन्ही हातात पिशव्या असतील तर हात हलत नाहीत आणि खरी पावलं सुटतात.

ठोक्यांचंही असंच. मे महिन्यात रंकाळ्याला मी नेहमीच्याच वेगाने फिरते, पण उकाड्याने ठोके वाढलेले असतात, आणि बँड त्याच फेरीच्या जास्त कॅलरी दाखवतो. चहा-कॉफी झाल्यावर किंवा मनावर ताण असतानाही ठोके वाढतात. त्याने चरबी जळत नाही.

म्हणून बँड टाकून द्या असं मी म्हणणार नाही. त्याची चूक बहुतेक वेळा एकाच दिशेने आणि साधारण एकाच प्रमाणात होते. दुकानातला काटा नेहमी पन्नास ग्रॅम जास्त दाखवतो हे एकदा कळलं की त्या काट्यावरही बरोबर माल घेता येतो. बँडचं ‘नेहमी किती जास्त’ ते शोधायचं, एवढंच काम आहे. सातव्या पायरीत ते करू.

२. माहिती खरी भरा, बँड नीट बांधा

वजन आजचं भरा, लग्नातलं नको आणि ‘व्हायला हवं ते’ही नको. दर महिन्याला ते बदला. बँड कोणत्या हातावर आहे ते सेटिंगमध्ये सांगा, आणि शक्यतो तुम्ही कमी वापरता त्या हातावर बांधा. उजव्या हातावर बांधला तर पोळ्या लाटणं, कणीक मळणं, घासणं-पुसणं सगळं पावलांत जमा होतं.

फिरायला जाताना मनगटाच्या हाडापासून दोन बोटं वर, घट्ट पण रग लागणार नाही असा बांधा. बायकांनी त्याच हातात बांगड्या घालू नयेत. बांगडी बँडला सारखी ढकलते, खाली फट पडते, उजेड आत शिरतो आणि ठोके भलतेच येतात. माझ्या पहिल्या महिन्यातल्या बऱ्याच ‘११० ठोके बसल्या बसल्या’ नोंदी बांगड्यांनी केलेल्या होत्या. मनगटावर गोंदण असेल तरीही प्रकाशाचा सेन्सर गडबडू शकतो.

३. तुमचा बँड कोणता आकडा दाखवतो, ते ओळखा

नव्या माणसाची सर्वांत मोठी फसगत इथे होते, म्हणून ही पायरी वरवर वाचू नका.

आपण नुसते झोपून राहिलो तरी श्वास, हृदय, मेंदू, यकृत यांना दिवसभर ऊर्जा लागते. तिला मूळ खर्च म्हणू. काही उपकरणं हा खर्च धरून एकूण कॅलरी दाखवतात. फिटबिट तसं करतं. काही समोर फक्त हालचालीच्या कॅलरी दाखवतात. ॲपल वॉचचं लाल वर्तुळ म्हणजे हालचालीच्या कॅलरी, एकूण आकडा वेगळा उघडून बघावा लागतो. स्वस्त बँडमध्ये तर नुसतं ‘कॅलरी’ एवढंच लिहिलेलं असतं.

ओळखायची सोपी खूण आहे. सकाळी सहाला जाग आल्याबरोबर बँड बघा. शून्य किंवा दहा-वीस असेल, तर तो हालचालीच्याच कॅलरी मोजतो. तीनशे-चारशे असेल, तर मध्यरात्रीपासूनचा मूळ खर्च त्यात आलेला आहे.

मूळ खर्च काढायला सध्या जास्त वापरलं जाणारं सूत्र मिफ्लिन-सेंट जिओर यांचं, १९९० सालचं:

पुरुष: (१० × वजन किलोत) + (६.२५ × उंची सेंटिमीटरमध्ये) − (५ × वय) + ५
बायका: तेच सगळं, फक्त शेवटी + ५ ऐवजी − १६१

माझं ७२ किलोला: ७२० + ९८७.५ − २२० − १६१ = १३२६ च्या आसपास. त्याला २४ ने भागलं की तासाला ५५. मध्यरात्रीपासून सहा तासांचे ३३०. माझा बँड सकाळी सहाला ३३५ दाखवत होता, म्हणजे तो एकूण आकडा दाखवणारा निघाला.

आता यातले सापळे.

पहिला: बँड एकूण आकडा दाखवतो, आणि माणूस त्यात सूत्राने काढलेला मूळ खर्च पुन्हा मिळवतो. माझ्या मैत्रिणीने हे केलं. तिच्या वहीत रोजचा खर्च ३३०० च्या पुढे होता, आणि ती मनापासून त्यावर विश्वास ठेवून जेवत होती.

दुसरा: ॲपने तुम्हाला ‘मध्यम हालचाल’ धरून दिवसाचा आकडा दिलेला असतो. त्यात तुमचं फिरणं आधीच धरलेलं असतं. तरी फिरून आलं की बँड २५० कॅलरी ॲपला पाठवतो आणि ॲप म्हणतं, आता २५० जास्त खाऊ शकता. एकच फेरी दोनदा जमा झाली. बँड जोडायचा असेल तर ॲपमध्ये हालचालीची पातळी सर्वांत कमी निवडा, किंवा बँड जोडूच नका.

तिसरा: तासभर चालल्यावर दिसणाऱ्या २५० मध्ये, नुसतं बसून राहिला असता तरी खर्च झाल्या असत्या अशा कॅलरी असतात. माझ्या बाबतीत त्या ५५. चालण्याने वाढलेला खर्च १९५. आणि १९५ कॅलरी म्हणजे ज्वारीची एक भाकरी.

सूत्राबद्दलही एक गोष्ट लक्षात ठेवा. मिफ्लिन यांचं सूत्र ४९८ अमेरिकन माणसांवरून बांधलेलं आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. दोघांचाही बीएमआय २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. वजन-उंची सारखी असली तरी आपल्याकडच्या माणसात चरबी जास्त आणि स्नायू कमी असू शकतात. स्नायू बसल्या जागी चरबीपेक्षा जास्त ऊर्जा खातात. म्हणजे नुसती वजन-उंची बघणारं सूत्र आपला मूळ खर्च थोडा फुगवून सांगण्याची शक्यता आहे, आणि बँडच्या पोटात असलंच काहीतरी सूत्र असतं.

४. ताटातल्या कॅलरी काट्यावर मोजा

बँडच्या चुकीबद्दल सगळे बोलतात. वहीतल्या चुकीबद्दल फार कमी लोक बोलतात, आणि ती बहुतेक वेळा मोठी असते. १९९२ साली न्यूयॉर्कमध्ये, ‘आम्ही कमी खातो तरी वजन हलत नाही’ म्हणणाऱ्या माणसांचा अभ्यास झाला होता. ती सरासरी ४७ टक्के कमी खाणं नोंदवत होती आणि हालचाल ५१ टक्के जास्त. खोटं बोलायचा कुणाचा हेतू नव्हता. डोळ्यांनी अंदाज करता येत नाही, इतकंच.

आपल्या जेवणात तर ते आणखी अवघड आहे. पाकिटातलं बिस्किट मोजणं सोपं. पाच जणांच्या कढईतली आपली एक वाटी कशी मोजायची?

मी अशी मोजते. रिकाम्या कढईचं वजन एकदाच करून फ्रिजच्या दारावर लिहून ठेवलं आहे. फोडणीआधी तेलाची बरणी काट्यावर ठेवते, फोडणी झाल्यावर परत ठेवते. फरक म्हणजे त्या भाजीत गेलेलं तेल. बाकी जिन्नस कच्चे असतानाच तोलते. भाजी झाली की कढईसकट वजन करून कढईचं वजा करते.

एका रविवारच्या भरल्या वांग्यांचा माझा हिशेब:

वांगी ५०० ग्रॅम – १२५ कॅलरी
दाण्याचं कूट ६० ग्रॅम – ३४०
तेल ४० ग्रॅम – ३६०
सुकं खोबरं २० ग्रॅम – १३०
गूळ १० ग्रॅम – ३८
कांदा १०० ग्रॅम – ४५
एकूण १०३८. शिजलेली भाजी ७८० ग्रॅम.

म्हणजे १०० ग्रॅमला १३३, आणि १५० ग्रॅमच्या वाटीला २००. आता यादी परत बघा. नाव वांग्याचं, पण वांग्याच्या कॅलरी १२५. तेल, कूट आणि खोबरं मिळून ८३०. ॲपमध्ये मी याआधी ‘वांग्याची भाजी, एक वाटी’ निवडून ९० लिहीत होते. ती कुणाच्या स्वयंपाकघरातली वाटी होती, देव जाणे.

म्हणून पहिला नियम: तेल, तूप, कूट, खोबरं, साखर, गूळ हे तोलायचंच. पालेभाजी, काकडी, टोमॅटो पाच-दहा ग्रॅम इकडेतिकडे झाले तरी काही बिघडत नाही. एक ग्रॅम तेलात ९ कॅलरी, एक ग्रॅम साखरेत किंवा पिठातल्या कर्बोदकात ४, प्रथिनांतही ४. आमच्या घरची तेलाची पळी तोलली तेव्हा एका पळीत १८ ग्रॅम तेल निघालं. १६२ कॅलरी. आणि तांबड्या रश्श्यावर तर्री हवी तर एका पळीत भागत नाही, हे कोल्हापूरकरांना सांगायला नको.

दुसरा नियम: पोळी-भाकरी ‘नगावर’ लिहू नका. पीठ तोला. १०० ग्रॅम ज्वारीच्या पिठात सुमारे ३३० कॅलरी. माझ्या एका भाकरीला ६० ग्रॅम पीठ लागतं, म्हणजे २०० च्या आसपास. सासूबाई थापतात ती ९० ग्रॅमची असते. वहीत दोन्ही ‘एक भाकरी’.

तिसरा: भात कच्चा तोलला की शिजवून तोलला, ते लिहून ठेवा. १०० ग्रॅम कच्च्या तांदळात सुमारे ३५० कॅलरी, १०० ग्रॅम शिजलेल्या भातात सुमारे १३०, कारण त्यात पाणी शिरलेलं असतं. हे दोन आकडे उलटसुलट झाले की दिवसाचा हिशेब कोसळतो.

चौथा: चहा. ६० मिलिलिटर म्हशीचं दूध आणि दोन चमचे, म्हणजे १० ग्रॅम साखर – १०५ कॅलरी. दिवसाला तीन कप म्हणजे ३१५. पहिले दोन आठवडे मी चहा वहीत लिहिलाच नव्हता, कारण तो मला खाणं वाटतच नव्हता.

उपवासाचंही तोलून बघा. ६० ग्रॅम साबुदाणा, २५ ग्रॅम कूट, १५ ग्रॅम तूप आणि थोडा बटाटा, एवढ्या खिचडीत सव्वापाचशेच्या आसपास कॅलरी होतात. सोबत दही-साखर, दुपारी वेफर्स, रात्री वरी-आमटी. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण मी लहानपणापासून ऐकत आले, ती वहीत आकड्यांनी सिद्ध झाली. उपवास सोडा असं माझं म्हणणं नाही. मी अजून करते. फक्त त्या दिवशी डेफिसिट आपोआप होईल असं धरू नका.

कच्च्या जिन्नसांचे आकडे कुठून घ्यायचे? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली भारतीय अन्नघटकांचे तक्ते काढले आहेत. आपल्या डाळी, पिठं, भाज्या त्यात आहेत. ॲपमध्ये एकाच पदार्थाच्या दहा नोंदी दिसल्या तर या तक्त्यांशी जुळणारी निवडा. बाहेर खाल्लं तर सगळ्यात जवळचा अंदाज लिहा आणि पुढे चला. मिसळीवरची तर्री कुणी तोलू शकत नाही.

५. वजन रोज करा, पण आठवड्याची सरासरीच बघा

सकाळी उठून, शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी, साधारण त्याच कपड्यांत. काटा फरशीवर, एकाच जागी. आकडा लिहायचा आणि विसरायचा. रविवारी सात आकड्यांची सरासरी काढायची.

रोजच्या आकड्यावर जीव लावू नका. लग्नातल्या जेवणानंतर माझं वजन एका रात्रीत १.४ किलोने वाढलं होतं. १.४ किलो चरबी साठवायला दहा हजारांहून जास्त जादा कॅलरी लागतात, एवढं मी जेवले नव्हते. मिठाने पाणी धरलं जातं. शरीरात साखरेचा जो साठा असतो, त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी असतं. उलट डेफिसिट सुरू केल्यावर पहिल्या आठवड्यात दीड-दोन किलो पटकन उतरतात ते मुख्यतः हेच पाणी असतं. त्याने हुरळून जाऊ नका, आणि तिसऱ्या आठवड्यात वेग मंदावला म्हणून खचूही नका.

बायकांसाठी एक खास गोष्ट. पाळीच्या आधीच्या दिवसांत पाणी धरलं जाऊन वजन वाढलेलं दिसतं. म्हणून या आठवड्याची तुलना मागच्या आठवड्याशी करण्यापेक्षा चार आठवड्यांपूर्वीच्या आठवड्याशी करा.

६. डेफिसिट किती ठेवायचा

रोजच्या खऱ्या खर्चाच्या १५ ते २० टक्के. बहुतेकांसाठी तो ३०० ते ५०० मध्ये बसतो. बायकांनी १२०० आणि पुरुषांनी १५०० च्या खाली डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय जाऊ नये. इंटरनेटवर ‘रोज १००० चा डेफिसिट’ सर्रास लिहिलेला दिसतो. उंच, वजनदार पुरुषाला कदाचित तो जमेल. माझ्या उंचीच्या बाईला त्यात पोटभर जेवणच उरत नाही, स्नायू झिजतात, केस गळतात आणि दोन महिन्यांनी सगळं सोडून दिलं जातं.

जेवण कमी करताना डाळ, उसळ, अंडं, ताक, पनीर, मासे यांना हात लावू नका. कमी करायचं ते तेल, कूट, साखर आणि भाताचा दुसरा वाढा. आठवड्यातून दोन-तीनदा वजनं उचला किंवा निदान उठाबशा आणि भिंतीला धरून जोर तरी करा. बँडला हे व्यायाम नीट मोजता येत नाहीत, फार कमी कॅलरी दाखवतो. म्हणून ते सोडू नका. ते स्नायू टिकवण्यासाठी आहेत.

७. आपला स्वतःचा गुणक काढा

या लेखातली मुख्य पायरी ही. सहा आठवडे बँड रोज बांधा, ताट रोज तोला, वजन रोज करा. पहिला आठवडा हिशेबात धरू नका, त्यात पाण्याची उलथापालथ असते. मग दुसऱ्या आठवड्याची सरासरी आणि सहाव्या आठवड्याची सरासरी घ्या. मध्ये २८ दिवस.

माझे आकडे:

दुसऱ्या आठवड्याचं सरासरी वजन ७२.३, सहाव्याचं ७१.३. घट १ किलो.
एक किलो शरीरातली चरबी म्हणजे सुमारे ७७०० कॅलरी. ७७०० ÷ २८ = २७५. ही माझी रोजची खरी तूट.
रोजचं सरासरी खाणं १५६०. १५६० + २७५ = १८३५. हा माझा रोजचा खरा खर्च.
बँडची रोजची सरासरी २१४०. १८३५ ÷ २१४० = ०.८६.

०.८६ हा माझा गुणक. माझा बँड १०० म्हणाला की मी ८६ धरायचे. ५८० चा डेफिसिट प्रत्यक्षात २७५ चा होता, आणि थायरॉइडचा त्यात काही दोष नव्हता.

या गुणकात बँडची चूक आणि वहीची चूक दोन्ही मुरलेल्या असतात. मी रोज नकळत ५० कॅलरी लिहायच्या विसरत असेन, तर तेही त्या ०.८६ मध्ये धरलं गेलं. म्हणून वही परिपूर्ण असण्याची गरज नाही, रोज सारख्याच पद्धतीने लिहिलेली असण्याची आहे. सोमवार ते शुक्रवार ग्रॅममध्ये आणि शनिवार-रविवार कोरी पानं, असं केलंत तर मात्र गुणकाला काही अर्थ राहणार नाही.

७७०० हा आकडाही अंदाजाचाच आहे. वजनातली सगळीच घट चरबीची नसते. पण सुरुवातीचं पाणी वगळून चार आठवड्यांची सरासरी घेतली तर तो कामाला पुरतो.

तुमचा गुणक १.१ सुद्धा येऊ शकतो. काही बँड कमी दाखवतात. दुसऱ्याचा गुणक उचलू नका, नवऱ्याचा सुद्धा.

८. रोजच्या वापरात तो कसा आणायचा

मी खरा खर्च १८३५ धरला, ३५० वजा केले, आणि रोजचं खाणं १४८५ ठरवलं. या वेगाने महिन्याला सव्वा ते दीड किलो. आठवड्याची बेरीज जमली की झालं. शनिवारी वाढदिवसाला ४०० जास्त झाले तर बाकीच्या सहा दिवसांत साठ-सत्तर कमी करते.

रात्री आठ वाजता बँड बघून जेवण ठरवू नका. ‘आज अजून ४०० शिल्लक आहेत’ असं बघून मी सुरुवातीला कितीतरी वेळा आईस्क्रीम खाल्लं. त्या ४०० मधले तीनशे बँडच्या फुगवट्याचे होते. तसंच उलट, आकडा गाठायला रात्री अकराला हॉलमध्ये येरझाऱ्याही घालू नका. झोप त्याहून महत्त्वाची आहे.

एखाद्या दिवशी खरंच जास्त हालचाल झाली, समजा पन्हाळा चढून आलात आणि बँडने २६०० दाखवले, तर आधी गुणकाने गुणा: २६०० × ०.८६ = २२३६. नेहमीच्या खर्चापेक्षा ४०० जास्त. यातले निम्मे खा, निम्मे सोडून द्या. चढावर, उन्हात बँडची चूक नेहमीपेक्षा मोठी असते.

कमरेचा घेर पंधरा दिवसांतून एकदा, बेंबीच्या पातळीवर. एका महिन्यात माझं वजन जवळजवळ हललं नाही पण घेर दोन सेंटिमीटरने उतरला होता. मोजपट्टी नसती तर मी तेव्हाच सोडून दिलं असतं.

९. दर पाच किलोंनी हिशेब नव्याने करा

वजन कमी झालं की खर्चही कमी होतो. शरीर लहान झालेलं असतं, तेच अंतर चालायला कमी ऊर्जा लागते, आणि कमी खाताना नकळत हालचालही मंदावते. म्हणून तेवढंच खाऊन एके दिवशी वजन थांबतं. बँड बदलला, त्याचं सॉफ्टवेअर मोठं अपडेट झालं किंवा तो दुसऱ्या हातावर बांधायला लागलात, तरी गुणक नव्याने काढा.

मी ६७ किलोवर आल्यावर पुन्हा चार आठवडे काटेकोर लिहिलं. बँडची सरासरी २०३०, खरा खर्च १७२०, गुणक ०.८५. गुणक जवळपास तोच राहिला, खर्च मात्र ११५ ने घटला. तेवढे कुठून कमी करायचे हे बघायला वही उघडली. तिन्ही कप चहातली साखर मिळून १२० होत होती. ती बंद केली, भाकरी होती तेवढीच ठेवली.